बेथलेहेमच्या अलीकडे

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर, १२२व्या रस्त्यापाशी, दोन धर्मविद्यालये समोरासमोर आहेत. ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीत यहुदी राब्बी शिकतात, युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत प्रॉटेस्टंट पाळक. १९६५ साली अब्राहम जोशुआ हेशेल हे राब्बी मधला रस्ता ओलांडून युनियनमध्ये वर्षभरासाठी अभ्यागत प्राध्यापक म्हणून गेले. हॅरी एमर्सन फॉस्डिक यांच्या नावाच्या त्या पदावर त्यांच्याआधी कोणी यहुदी बसला नव्हता. १० नोव्हेंबरला त्यांनी पहिले व्याख्यान दिले आणि आरंभीच स्वतःची ओळख आगीतून ओढून काढलेले कोलीत अशी करून दिली. ही प्रतिमा आमोस आणि जखऱ्या या दोन संदेष्ट्यांच्या ग्रंथांतली आहे. १९३९च्या उन्हाळ्यात हेशेल वॉर्सातून निघाले आणि साधारण सहा आठवड्यांत जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. आई आणि तीन बहिणी युरोपात मागे राहिल्या. त्या युद्धात त्या चौघीही गेल्या. समोर बसलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी ते कोलीत बायबलात वाचलेले असणार. आता ते त्यांच्यापुढे उभे राहून बोलत होते.

हेशेल यांचे ‘द प्रॉफेट्स’ हे पुस्तक त्याआधी तीन वर्षे, १९६२ साली आले होते. ते १९४० ते ४५ या काळातल्या हुतात्म्यांना अर्पण केलेले आहे. त्याचे मूळ मात्र बरेच मागे, बर्लिन विद्यापीठाला १९३२च्या अखेरीस सादर केलेल्या प्रबंधात आहे. तिशी उलटल्यावर शिकलेल्या इंग्रजीत हेशेल यांनी तो प्रबंध पुन्हा उभा केला, वाढवला, आणि त्या भाषेत जन्मलेल्यांनाही सहज साधू नये असे गद्य लिहिले: छोटी, धारदार वाक्ये, आणि वाचकाला जागीच थांबवणारे प्रश्न. ख्रिस्ती विद्यार्थ्यांना हिब्रू संदेष्टे कसे शिकवावेत, या प्रश्नाचे माझ्या वाचनातले सर्वांत समाधानकारक उत्तर या पुस्तकात आहे. आणि ते खास ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले नाही, यातच त्याचे बरेचसे बळ आहे.

संदेष्टे ख्रिस्ती विद्यार्थ्याला परके नसतात. शिकवणाऱ्याची खरी अडचण तीच आहे. नाताळच्या उपासनेत त्याने यशया ऐकलेला असतो, मीखाचे बेथलेहेमविषयीचे वचन संडे स्कूलमध्ये पाठ केलेले असते, आणि गुड फ्रायडेला यशयाचा ५३वा अध्याय दरवर्षी कानांवर पडलेला असतो. प्रत्येक संदेष्ट्याला त्याच्या मनात एक ठरलेली जागा मिळालेली असते, आणि ती जागा साक्षीदाराची असते. हा अमुक म्हणाला, ते पुढे येशूच्या जन्मात घडले, साक्ष संपली. मग तो माणूस स्वतः कुठे उभा होता, कोणाशी बोलत होता, त्याचे ऐकणाऱ्यांनी काय केले, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

ग्रंथांच्या क्रमानेही ही सवय पक्की होते. ख्रिस्ती बायबलात जुना करार मलाखीवर संपतो. तिथे शेवटी एलीया परत येणार असल्याचे वचन आहे. पान उलटले की मत्तयाचे शुभवर्तमान आणि दोन पाने पुढे बाप्तिस्मा करणारा योहान. संदेष्टे पुढे पाहत उभे आहेत आणि पुढे नवा करार आहे. यहुदी बायबलात तेच ग्रंथ वेगळे मांडलेले आहेत. आधी तोरा, मग संदेष्टे, मग लेख. यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे हे ग्रंथही तिथे संदेष्ट्यांत मोडतात. दानीएल मात्र लेखांत जातो. सर्वांत शेवटी इतिहासाचा ग्रंथ येतो, आणि तो कोरेश राजाच्या फर्मानाने, यरुशलेमला परत जाण्याच्या मोकळिकीने संपतो. या मांडणीत संदेष्टे मध्यभागी आहेत आणि त्यांचे तोंड तोराकडे आहे: जे सांगितले होते ते तुम्ही केले नाही, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगतात. दोन्ही अनुक्रमणिका शेजारी शेजारी फळ्यावर लिहिणे, हा या विषयाचा मला सर्वांत चांगला वाटणारा पहिला तास आहे.

हेशेल यांचे पुस्तक देवापासून सुरू होत नाही, माणसापासून होते. संदेष्टा हा कसला माणूस, असा पहिल्या प्रकरणाचा प्रश्न आहे. तत्त्वज्ञानाकडून येणारा वाचक विश्वाचे मूळ, अस्तित्वाचे स्वरूप अशा चर्चेची अपेक्षा घेऊन येतो आणि त्याला भेटतात विधवा, अनाथ, लाच खाणारे न्यायाधीश, बाजारातली खोटी मापे. आपण ज्याला किरकोळ अन्याय म्हणून मान वळवतो, त्याने संदेष्ट्याचे जग कोसळते. त्याचा आवाज आपल्या कानांना सोसवेल त्याहून एक सप्तक वर लागलेला असतो, असे हेशेल म्हणतात. अपराध काही जणांचा असतो, जबाबदारी सगळ्यांची असते, हा त्यांचा विचारही याच प्रकरणातला. एवढ्या पानांत बेथलेहेमचा विषय निघत नाही. तो टाळलेला नाही. तिथे पोचायच्या आधी खूप काही ऐकायचे आहे म्हणून निघत नाही.

आता आमोस. बारा लहान संदेष्ट्यांपैकी हा काळाने पहिल्यांत मोडणारा, इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाच्या मध्याचा. त्याचे गाव तकोवा. ते बेथलेहेमपासून जेमतेम आठ किलोमीटरवर आहे, आणि बेथलेहेम लहानपणापासून ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याने तकोवाचे नाव बहुधा ऐकलेले नसते. मेंढरे राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा हा दक्षिणेतला माणूस उत्तरेच्या राज्यात, बेथेलच्या देवस्थानात जाऊन बोलला. दुसऱ्या यराबामाचा तो काळ. सीमा वाढलेल्या, व्यापार वाढलेला, श्रीमंतांच्या पलंगांना हस्तिदंताची जडणघडण. शोमरोनच्या उत्खननात कोरीव हस्तिदंताचे तुकडे खरोखरच सापडले आहेत; आमोस हवेत बोलत नव्हता.

वर्गात आमोस शिकवायचा तर भिंतीवर नकाशा लावून पहिले दोन अध्याय मोठ्याने वाचावेत आणि मध्ये काही समजावू नये. एकेक शेजारी राष्ट्र येते आणि प्रत्येकाचा न्याय त्याच ठरलेल्या साच्यात सुनावला जातो. ईशान्येचे दिमिष्क: त्यांनी गिलादाला लोखंडी औतांखाली मळून काढले. नैर्ऋत्येचे गज्जा: गावेच्या गावे पकडून अदोमाला गुलाम म्हणून विकली. मग समुद्राकाठचे सोर, मग अदोम. मग अम्मोन: सीमा थोडी पुढे सरकावी म्हणून गर्भवतींची पोटे चिरली. बेथेलचा श्रोता प्रत्येक नावाला मान डोलावत असेल. हे सगळे त्याचे शत्रू, आणि त्यांची पापे खरीच भयंकर. मग मवाब येतो आणि इथे कान टवकारणाऱ्याला काहीतरी वेगळे ऐकू येते. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून चुना केला, असा आरोप आहे. या गुन्ह्यात इस्राएलाला साधा ओरखडाही आलेला नाही. एका शत्रूने दुसऱ्या शत्रूच्या प्रेताची विटंबना केली, आणि इस्राएलाच्या देवाला ती सोसवत नाही. त्यानंतर यहूदा, म्हणजे खुद्द आमोसचा मुलूख. श्रोत्याला वाटते, झाले. सात झाले, आकडा भरला.

आणि मग त्याच साच्यात आठवे नाव येते: इस्राएल. समोर बसलेले लोक.

त्यांच्यावरचे आरोप पाहावेत. पोटे चिरली नाहीत, गावे जाळली नाहीत. निर्दोष माणसाला पैशापायी विकले, गरिबाला एका वहाणांच्या जोडासाठी विकले. गहाण ठेवून घेतलेल्या पांघरुणावर वेदीपाशी आडवे झाले, दंड म्हणून वसूल केलेला द्राक्षारस देवाच्या घरात प्यायले. गरिबाचे गहाण पांघरूण सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, कारण रात्री त्याला तेवढेच असते, असा निर्गमाच्या ग्रंथातला नियम विद्यार्थ्यांना आधी दाखवलेला असला, तर हा आरोप अंगावर येतो. युद्धातले अत्याचार आणि सावकाराच्या दारातले व्यवहार आमोसने एकाच साच्यात, एकाच आवाजात मोजले. हेशेल ज्याला किरकोळाचे महत्त्व म्हणतात ते हेच. या दोन अध्यायांच्या रचनेइतके नेमके वक्तृत्व मला प्राचीन साहित्यात फार थोड्या ठिकाणी आढळले आहे. आठवे नाव येईपर्यंत श्रोत्याने सात वेळा होकार दिलेला असतो, आणि त्याच्याच होकारांनी त्याला बांधलेले असते.

हेशेल यांचे बळ रचना उलगडण्यापेक्षा आवाज ऐकण्यात आहे. म्हणून आमोस म्हणजे फक्त संताप, या समजाला त्यांच्या वाचनाने धक्का बसतो. सातव्या अध्यायात आमोसला दृष्टांत होतात. टोळधाड दिसते, आणि हा कठोर माणूस मध्ये पडतो: याकोब लहान आहे, तो कसा टिकेल? देव मागे हटतो. आग दिसते, तीच विनवणी, पुन्हा माघार. तिसऱ्यांदा ओळंबा दिसतो आणि आता आमोस गप्प आहे. भिंत वाकलेली त्यालाही दिसली आहे. लगेच पुढे बेथेलचा याजक अमस्या राजाला कळवतो की हा मनुष्य कट करत आहे, आणि आमोसला सांगतो की तुझ्या गावी जा, तिथे संदेश देऊन पोट भर, इथे नको, हे राजाचे देवस्थान आहे. राजाचे देवस्थान. देवाचे नव्हे. अमस्याच्या तोंडून निसटलेल्या या कबुलीवर कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याने खुशाल अर्धा तास बोलावे. उद्या ज्यांना पाळक व्हायचे आहे त्यांनी तर बोलावेच, कारण या प्रसंगात त्यांची जागा बहुधा अमस्याची असते.

आमोसच्या पाचव्या अध्यायात न्यायाला अखंड वाहणाऱ्या प्रवाहाची उपमा आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात ती घेतली आणि ती जगभर पोचली. न्याय म्हटले की पाश्चात्त्य मनापुढे डोळ्यांना पट्टी बांधलेली, हातात तराजू धरलेली स्त्री येते: स्थिर, तोलणारी, अलिप्त. हेशेल आमोसची प्रतिमा या मूर्तीशेजारी ठेवून पाहतात. प्रवाहाला वेग आहे, वजन आहे, तो आडवे आलेले वाहून नेतो. यात मला एक भर घालावीशी वाटते. तकोवाच्या पूर्वेला यहूदाचे वाळवंट सुरू होते. तिथले ओहोळ मराठवाड्यातल्या ओढ्यांसारखे, पावसात दोन दिवस फुफाटणारे आणि मग महिनोन्महिने कोरडे. मेंढरांना पाणी शोधत हिंडलेला माणूस बारमाही प्रवाह मागतो तेव्हा तो अलंकार जुळवत नसतो. सणासुदीला उफाळणारा आणि एरवी आटलेला धर्म त्याने नुकताच नाकारलेला आहे. त्याआधीच्याच ओळींत सण, होमबली आणि गीते देवाला नकोशी झाल्याचे त्याने सांगितलेले आहे.

होशेयापाशी हेशेल यांचा मुख्य विचार उघड होतो. त्यांच्या मते देव या संदेष्ट्यांना विश्वाचा अलिप्त चालक म्हणून भेटत नाही. माणसे एकमेकांशी जे करतात त्याने तो दुखावतो, संतापतो, पुन्हा ओढला जातो. संदेष्ट्याला कळते ते हे दुःख. तो फक्त निरोप्या नसतो. ज्याचा निरोप आहे त्याच्या वेदनेत तो सामील झालेला असतो. होशेयाचे गोमेरशी लग्न, तिचे सोडून जाणे, तिला परत आणणे, हे सगळे लोकांना दाखवण्याचे रूपक असल्याचे सहसा सांगितले जाते. हेशेल म्हणतात की ते होशेयाच्याच शिक्षणासाठी होते. सोडून गेलेल्यावर प्रेम करत राहणे म्हणजे काय, हे त्याने स्वतः भोगल्याशिवाय तो देवाच्या बाजूने बोलू शकला नसता.

हे वाचन सुंदर आहे आणि मला ते खरेही वाटते. पण इथे हेशेल जिथे थांबले तिथे शिक्षकाला थांबता येत नाही. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात नवरा बायकोला नग्न करण्याची, तिची वाट काट्यांनी अडवण्याची भाषा बोलतो. वर्गात मुली बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या एखादीने ही भाषा घरात ऐकलेली असू शकते. नवऱ्याची वेदना देवाच्या वेदनेचे चित्र होते, गोमेरची वेदना मात्र ग्रंथात कोणी विचारत नाही. हेशेलही विचारत नाहीत. विद्यार्थिनीने हा प्रश्न उठवला तर तिला गप्प करू नये. विधवा आणि अनाथ यांच्या बाजूने ओरडायला संदेष्ट्यांनीच शिकवलेले आहे, आणि ती तेच करत असते.

देवाचा संताप हा ख्रिस्ती वर्गातला नेहमीचा अडथळा. जुन्या करारातला देव रागीट, नव्यातला प्रेमळ, असे विद्यार्थी अगदी सहज बोलून जातात. दुसऱ्या शतकात मार्सियन याने हीच गोष्ट टोकाला नेली: हिब्रू शास्त्रातला देव वेगळा, येशूचा पिता वेगळा. चर्चने त्याला पाखंडी ठरवले, पण त्याचा विचार चर्चच्या बाकांवरून कधी पुरता उठला नाही. हेशेल यांनी या प्रश्नाला मोठी जागा दिली आहे. प्रेमाच्या उलट राग नसतो, बेपर्वाई असते. गरीब चिरडला जात असताना ज्याला काहीच वाटत नाही तो देव प्रेमळ कसा, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. राग येतो आणि जातो, ममता टिकते.

हे लिहिणारा कुठे बसला होता ते विसरू नये. प्रबंध सादर झाला आणि थोड्याच आठवड्यांत, ३० जानेवारी १९३३ला, हिटलर चान्सलर झाला. हेशेल यांची तोंडी परीक्षा फेब्रुवारीत झाली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये ‘जर्मन ख्रिस्ती’ चळवळीच्या हजारोंच्या सभेत राइनहोल्ड क्राउझ याने चर्चला जुन्या करारापासून मुक्त करा, अशी उघड मागणी केली. बाप्तिस्मा झालेली माणसे यशया आणि यिर्मया यांना घराबाहेर काढायला निघाली होती, आणि त्याच शहरातला एक तरुण हसिदी यहुदी त्या संदेष्ट्यांच्या मनात काय चालले होते ते समजून घेत बसला होता. त्या प्रबंधाचे पुस्तक १९३६ साली क्राकोत छापले गेले. आज ख्रिस्ती विद्यार्थ्याला हे सांगणे म्हणजे इतिहासाची पुरवणी जोडणे नव्हे. मार्सियनचा विचार वर्गात गमतीने बोलला जातो तेव्हा तो पुढे कुठवर गेला होता, हे त्याला कळलेच पाहिजे.

पुढे ख्रिस्ती धर्मशास्त्रानेच हेशेल यांच्याकडून घेतले. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या प्रभावाखाली चर्चने शतकानुशतके देवाला दुःख स्पर्श करत नाही असे मानले होते. युर्गेन मोल्टमान यांनी ‘क्रूसावर खिळलेला देव’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक १९७२ साली जर्मनमध्ये लिहिले, तेव्हा दुःख भोगणाऱ्या देवाचा विचार मांडताना त्यांनी हेशेल यांच्या संदेष्ट्यांचा आधार घेतला. क्रूसाचा अर्थ लावायला एका यहुद्याचे यिर्मयावाचन उपयोगी पडले. आणि हेशेल यांची भूमिका या बाबतीत अगदी स्पष्ट होती. व्हॅटिकनच्या यहुद्यांविषयीच्या निवेदनाच्या एका मसुद्यात यहुदी पुढेमागे चर्चमध्ये येतील अशी आशा डोकावली, तेव्हा सप्टेंबर १९६४मध्ये ते पोप सहावे पॉल यांना भेटून त्याविरुद्ध बोलले. ज्याला आपला धर्म सोडायचा नाही आणि विद्यार्थ्याचाही सोडवायचा नाही, त्याच्याकडून शास्त्र शिकण्यात वेगळीच मोकळीक असते.

आपल्याकडे हा प्रवास उलट्या दिशेने झाला होता. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले ते कोकणातल्या बेने इस्राएलांसाठी: ख्रिस्ती शिक्षक, यहुदी विद्यार्थी, आणि शिकायची भाषा विद्यार्थ्यांच्याच पूर्वजांची. त्याच बेने इस्राएलांनी एलीयाला ज्या आपुलकीने जपले ती मराठी ख्रिस्ती विद्यार्थ्याने जवळून पाहावी. शुभकार्यात मलिद्याचे ताट मांडतात, पोहे, खोबरे, साखर, फळे, आणि एलियाहू हनावीचे नाव घेतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाची खूण असल्याची श्रद्धा आहे. ज्या एलीयाकडे ख्रिस्ती विद्यार्थी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची पूर्वसूचना म्हणून पाहतो, तो इथे कोणाच्या तरी घरचा आहे.

पुस्तकाच्या उणिवा लपवण्यासारख्या नाहीत. यहेज्केलावर स्वतंत्र प्रकरणच नाही, आणि एवढ्या मोठ्या, एवढ्या विचित्र प्रतिभेच्या संदेष्ट्याची जागा रिकामी जाणवते. उत्तरार्धात स्टोइकांशी, उन्मादाशी, काव्यस्फूर्तीशी तुलना करणारी प्रकरणे आहेत. ती अभ्यासकाची तहान भागवतात, पण पहिल्यांदाच वाचणारा तिथे दमतो. त्याला आमोस, होशेय, यिर्मया आणि न्यायावरचे प्रकरण आधी द्यावे.

मग बेथलेहेमचे काय? ख्रिस्ती विद्यार्थी हा प्रश्न विचारणारच, आणि त्याला उत्तर मिळायला हवे. यशयाच्या सातव्या अध्यायातला इम्मानुएल त्याने मत्तयाच्या पहिल्या अध्यायात आधी वाचलेला असतो. त्याला आधी आहाज राजाकडे न्यावे. उत्तरेचे दोन राजे यरुशलेमवर चालून येत आहेत, आणि आहाज वरच्या तळ्याच्या पाटाशी, परिटाच्या शेताच्या रस्त्यावर, बहुधा वेढ्यात पाणी पुरेल का ते पाहत उभा आहे. यशया लहान मुलाला सोबत घेऊन तिथे येतो आणि घाबरू नकोस म्हणतो. जन्माला येणाऱ्या मुलाला बरेवाईट कळू लागण्याच्या आत ते दोन्ही राजे संपलेले असतील, हे त्या चिन्हाचे आहाजापुरते मोल आहे. दिमिष्क इसवी सनापूर्वी ७३२मध्ये पडलेही. घाबरलेला राजा देवापेक्षा अश्शूरच्या सम्राटावर भरवसा टाकतो, हे दुखणे समजले की मत्तयाने तेच नाव येशूसाठी का उचलले, हेही अधिक खोलवर कळते. तिथेही सिंहासनावर एक घाबरलेला राजा बसलेला आहे.

उलट, संदेष्टे नीट न वाचलेल्याला येशूही अर्धाच ऐकू येतो. मंदिरातले व्यापारी हाकलताना येशू लुटारूंच्या गुहेचे जे शब्द वापरतो ते यिर्मयाचे आहेत. चोरी, खून, खोटी शपथ करून मंदिरात यायचे आणि आता आपण सुरक्षित म्हणायचे, म्हणजे मंदिराला लपण्याची जागा करायचे, असे यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून बोलला होता. तो संपूर्ण प्रसंग मनात नसेल, तर येशूचा राग केवळ बाजारातल्या गोंगाटावरचा वाटतो. बलिदानापेक्षा दया हवी, हे होशेयाचे सांगणे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू दोनदा पुढे करतो, आणि होशेय ठाऊक असलेल्यांनाच ते जिथे लागायला हवे तिथे लागते.

यिर्मयाच्या त्या मंदिरातल्या भाषणानंतर काय झाले ते २६व्या अध्यायात आहे. भाकिते खरी ठरवण्यात रमलेल्या विद्यार्थ्याला तो अध्याय जरूर द्यावा. हे मंदिर उद्ध्वस्त होईल, असे म्हटल्याबद्दल याजक यिर्मयासाठी मृत्युदंड मागतात. तेव्हा देशातले काही वडील उठतात आणि शंभर वर्षांमागच्या मीखाचे नाव घेतात. सियोन शेतासारखे नांगरले जाईल असे मीखाही म्हणाला होता, पण हिज्कीया राजाने त्याला मारले नाही. तो देवाला भ्याला, आणि संकट टळले. म्हणजे मीखाचे भाकीत त्याच्या हयातीत खरे ठरले नाही, आणि त्या वडिलांच्या लेखी तो खोटा संदेष्टा नव्हता. लोक वळले म्हणून नांगर फिरला नाही, आणि संदेष्ट्याला हवे होते तेही एवढेच. संदेष्ट्यांच्या ग्रंथांत दुसऱ्या संदेष्ट्याचे शब्द नाव घेऊन उद्धृत केल्याचे हे एकमेव ठिकाण. ही संदेष्ट्यांवरची पहिली शिकवणी म्हणायला हरकत नाही: शिकवणारे गावोगावचे वडीलधारे, शिकवणीची जागा न्यायसभा, आणि धड्यावर एका माणसाचा जीव टांगलेला.

यिर्मया वाचला, शाफानाचा मुलगा अहीकाम त्याच्या पाठीशी उभा राहिला म्हणून. पण मीखाची गोष्ट आणि अहीकामचे नाव यांच्या मधोमध त्याच अध्यायात उरीयाची गोष्ट आहे, आणि ती वर्गात सहसा गाळली जाते. किर्याथ-यारीमचा हा उरीया यिर्मयासारखेच बोलला. जिवाच्या भीतीने तो मिसरात पळून गेला. यहोयाकीम राजाने माणसे पाठवून त्याला परत आणवले, तलवारीने मारले आणि त्याचे प्रेत सामान्य लोकांच्या कबरस्तानात टाकून दिले. त्याच्या नावाचा ग्रंथ नाही. तो नेमका काय बोलला, हेही कोणी लिहून ठेवलेले नाही.